नेणिवेचा हिशेब मांडणारे हेल्महोल्ट्झ

डोळ्यांवर आभासी वास्तवाचा हेडसेट चढवून एखादा तरुण खेळत असतो. खेळात तो उंच इमारतीच्या गच्चीतून बाहेर काढलेल्या अरुंद फळीवर उभा असतो. प्रत्यक्षात त्याच्या पायाखाली घरातली फरशी असते आणि हे त्याला पक्के ठाऊक असते. तरीही पुढचे पाऊल टाकताना पाय लटपटतात, तळहातांना घाम फुटतो. बुद्धीला खरे काय ते माहीत असताना शरीर तिचे का ऐकत नाही? आणि असे खेळ तासन् तास खेळल्यावर मनाच्या न दिसणाऱ्या थरांत काय साठत जाते?

हे प्रश्न आजच्या यंत्रांमुळे घरोघरी पोचले असले, तरी त्यांच्या उत्तराचा पाया दीडशे वर्षांपूर्वीच घातला गेला. तो घालणारे जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ १८९४ मध्ये वारले, तेव्हा चित्रपटाचाही जमाना सुरू झालेला नव्हता. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून शालेय पुस्तकांत त्यांचे नाव येते. पण आपल्या नकळत चालणाऱ्या मनाच्या कामाचा प्रयोगाने माग काढणारे संशोधक ही त्यांची ओळख तितकीच महत्त्वाची आहे.

बाहुल्या आणि माणसे

हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम गावात झाला. वडील शाळेत शिक्षक होते, तत्त्वज्ञानाचे मोठे भोक्ते होते, पण पगार बेताचा. हर्मन लहानपणी सतत आजारी असे. बराच काळ अंथरुणातच जाई, आणि तिथे लाकडी ठोकळ्यांशी खेळता खेळता भूमितीची तोंडओळख त्याला शाळेत जाण्याआधीच झाली. सुट्या सुट्या गोष्टी मात्र त्याच्या लक्षात राहत नसत. डावे कोणते आणि उजवे कोणते यातही त्याचा गोंधळ उडे. शाळेत लॅटिनचा तास चालू असताना हा बाकाखाली वही धरून दुर्बिणीतून प्रकाशकिरण कसे जातील याची गणिते सोडवत असे.

त्या वयातली एक आठवण त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात शास्त्रीय पुरावा म्हणून नोंदवली आहे. आईबरोबर जाताना गावातल्या चर्चच्या मनोऱ्यावरील सज्जात उभी असलेली माणसे छोट्या हर्मनला दिसली. त्याला त्या बाहुल्या वाटल्या आणि हात वर करून त्या काढून दे, असा हट्ट त्याने आईकडे धरला. आई हात लांबवील आणि बाहुल्या मिळतील, याबद्दल त्याला शंका नव्हती. मोठ्या माणसाला तेच दृश्य दिसले, तर त्याला दूरची माणसे दिसतात. दोघांच्या डोळ्यांत उमटणारे चित्र सारखेच असते. मग फरक पडतो तो कुठे? हा प्रश्न हेल्महोल्ट्झ यांच्या मनात घर करून राहिला.

सैन्यातला डॉक्टर

त्यांना शिकायचे होते भौतिकशास्त्र, पण घरची परिस्थिती तशी नव्हती. सैन्यात आठ वर्षे डॉक्टर म्हणून नोकरी करण्याच्या बोलीवर बर्लिनमधील एका संस्थेत वैद्यकीय शिक्षण सरकारी खर्चाने मिळत होते. १८३८ मध्ये ते तिथे दाखल झाले. शिकत असताना टायफसने त्यांना गाठले. विद्यार्थी म्हणून रुग्णालयात उपचार फुकट झाले आणि त्या काळात साठलेल्या विद्यावेतनातून त्यांनी एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. त्याच्याच आधारे चेतापेशी आणि चेतातंतू यांच्या संबंधावर प्रबंध लिहून १८४२ मध्ये ते डॉक्टर झाले.

पुढे पॉट्सडॅमच्या पलटणीत रुजू झाल्यावर त्यांनी बराकीतच छोटी प्रयोगशाळा थाटली. स्नायू काम करताना उष्णता कुठून येते याचा शोध घेता घेता ते ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमापर्यंत पोचले. १८४७ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी हा निबंध बर्लिनच्या फिजिकल सोसायटीत वाचला. भौतिकशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकाने तो छापायला नकार दिला, म्हणून तो स्वतंत्र पुस्तिका म्हणून काढावा लागला. या निबंधामुळे जाणकारांचे लक्ष त्यांच्याकडे वळले. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या शब्दामुळे सैन्यातून त्यांची मुदतीआधीच सुटका झाली आणि १८४९ मध्ये ते क्योनिग्सबर्ग विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ओल्गा फॉन फेल्टेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विचारालाही वेळ लागतो

चेतातंतूतून संदेश किती वेगाने धावतो हे मोजणे अशक्य आहे, असे त्या काळी मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. हेल्महोल्ट्झ यांचे गुरू योहानेस म्युलर हेही त्यांतलेच. शिष्याने मात्र बेडकाच्या पोटरीचा स्नायू आणि त्याला जोडलेला चेतातंतू घेतला. तंतूला एकदा स्नायूजवळ विजेचा हलका धक्का दिला, एकदा दूर. दूरच्या धक्क्यानंतर स्नायू आकसायला किंचित जास्त वेळ लागला. सेकंदाच्या हजाराव्या भागांतला हा फरक टिपण्यासाठी त्यांनी विजेच्या प्रवाहाचेच घड्याळ बनवले. आकडे उतरवून घ्यायला ओल्गा शेजारी बसत. उत्तर आले सेकंदाला साधारण २५ ते ४० मीटर, म्हणजे हवेतल्या आवाजाच्या वेगाच्या जेमतेम दहावा हिस्सा.

१८५० मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला तेव्हा अनेकांना तो पचला नाही. वडिलांनाही नाही. मनात आले आणि हात हलला, यामध्ये वेळ जातो ही कल्पनाच त्यांना विचित्र वाटली. हेल्महोल्ट्झ यांनी व्याख्यानात देवमाशाचे उदाहरण दिले. इतक्या लांब प्राण्याच्या शेपटीला जखम झाली, तर ती त्याच्या मेंदूला कळायलाच एक सेकंद लागेल.

या मोजमापाचा अर्थ फार दूरवर पोचणारा होता. जग आपल्याला जसेच्या तसे, तत्क्षणी कळत नाही. संदेश येतात, ते उशिरा येतात, तुकड्यातुकड्यांनी येतात. त्यांतून जगाचे सलग चित्र तयार होते, म्हणजे मधे कुणीतरी काम करत असते आणि त्या कामाची आपल्याला जाणीव नसते.

त्याच सुमाराला शिकवण्याच्या तयारीत त्यांना आणखी एक शोध लागला. जिवंत माणसाची बाहुली आतून काळीच का दिसते? डोळ्यात शिरलेला प्रकाश आला त्याच वाटेने परत जातो, आणि पाहणारा मधे आला तर प्रकाशच अडतो. चष्म्याची भिंगे, काचेच्या पातळ पट्ट्या आणि पुठ्ठा जोडून त्यांनी ही अडचण सोडवली आणि जिवंत माणसाचा दृष्टिपटल प्रत्यक्ष पाहिला. १८५१ मध्ये त्यांनी या नेत्रदर्शकाची माहिती प्रसिद्ध केली. आज मधुमेही रुग्णाच्या डोळ्याचा पडदा तपासताना वापरली जाणारी उपकरणे याच कल्पनेची वारस आहेत.

नकळत काढलेले अनुमान

ओल्गा यांची प्रकृती क्षयामुळे खालावत चालली होती. त्यांना जरा उबदार हवा मिळावी म्हणून हे कुटुंब १८५५ मध्ये बॉनला आणि १८५८ मध्ये हायडेलबर्गला गेले. पण १८५९ साली आधी वडील आणि वर्षअखेरीस ओल्गा, दोघेही गेले. पदरात दोन लहान मुले होती. १८६१ मध्ये त्यांनी आना फॉन मोल यांच्याशी विवाह केला. याच हायडेलबर्गमध्ये त्यांच्या दृष्टिविज्ञानावरच्या मोठ्या ग्रंथाचा तिसरा भाग पूर्ण झाला. १८६७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चर्चच्या मनोऱ्यावरच्या बाहुल्यांची आठवण याच भागात आहे.

त्यांचे म्हणणे असे. डोळ्याच्या पडद्यावर जे उमटते ते सपाट, अर्धवट आणि अनेक अर्थ निघू शकतील असे असते. जन्मापासून पाहणे, हात लावणे, चालणे, आपटणे यांतून मेंदू शिकत जातो की अमुक खूण दिसली म्हणजे अमुक वस्तू इतक्या अंतरावर असते. पुढे हे इतके सवयीचे होते की खूण दिसताच निष्कर्ष तयार असतो. या प्रक्रियेला त्यांनी नेणिवेतले अनुमान म्हटले. पावसाने हवा धुऊन निघाल्यावर एरवी धूसर दिसणारा डोंगर जवळ आल्यासारखा वाटतो, तो याच हिशेबामुळे. धूसर म्हणजे लांब हे मेंदूने शिकलेले असते.

या अनुमानाचा एक विशेष त्यांनी ठळकपणे मांडला. ते बुद्धीने रद्द करता येत नाही. शेजारच्या रुळावरची लोकल हलली की आपलीच गाडी सुटली असे वाटते. खरे काय ते कळल्यावरही क्षणभर तो भास टिकून राहतो. फळीवरच्या तरुणाचे पाय लटपटतात ते यामुळेच. खोल दरी, डोके वळवताच वळणारे दृश्य, पावलागणिक बदलणारे अंतर या सगळ्या खुणा बरोबर जुळल्या की नेणीव आपला निकाल देऊन मोकळी होते. हा खेळ आहे की खरे, हे तिला कुणी विचारलेले नसते.

हेडसेटमधल्या युक्तीचे मूळही त्याच काळात सापडते. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली की खोली भासते, हे इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवले होते. हेल्महोल्ट्झ यांनी १८५७ मध्ये आरसे वापरून दोन डोळ्यांमधले अंतर वाढवल्याचा परिणाम साधणारे उपकरण बनवले. त्यातून पाहिले की दूरचे डोंगर जवळ मांडलेल्या छोट्या देखाव्यासारखे भासत. डोळ्यांना मिळणाऱ्या खुणा बदलल्या की जगाचे आकारमानच बदलते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता.

चुकणारा हात

त्यांचा सर्वांत बोलका प्रयोग कुणालाही समजेल असा आहे. दृश्य एका बाजूला सरकवणारे लोलक त्यांनी डोळ्यांसमोर धरले आणि समोरच्या वस्तूला हात लावायचा प्रयत्न केला. हात चुकला, एका बाजूला पडला. पण हाताकडे पाहत काही वेळा प्रयत्न केल्यावर तो अचूक पडू लागला. मग लोलक काढले. आता डोळ्यांसमोर काहीच नव्हते, वस्तू होती तिथेच होती, तरी हात पुन्हा चुकला, आणि या वेळी उलट्या बाजूला. आणखी काही प्रयत्नांनंतर सारे पूर्ववत झाले.

काही मिनिटांच्या सरावाने नेणिवेचा हिशेब बदलला होता. तो बदल लोलक काढल्यावरही मागे उरला होता, आणि नव्या सरावाने पुसलाही गेला. खेळांच्या परिणामाविषयी आज जे ठामपणे सांगता येते, त्याचा बराचसा गाभा या एका प्रयोगात आहे. पुढे १९९८ मध्ये फ्रान्समधील लिआँ येथील संशोधकांनी हेच लोलक पक्षाघातानंतर डाव्या बाजूचे भान हरपलेल्या रुग्णांवर वापरले आणि थोड्या सरावाने त्यांच्यात सुधारणा दिसल्याचे नोंदवले. नंतरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, पण नेणिवेला शिकवता येते हे तत्त्व त्यातून दवाखान्यापर्यंत पोचले.

हेडसेट लावल्यावर अनेकांना मळमळते, गरगरते. डोळे सांगतात की शरीर धावते आहे. कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की ते जागेवरच आहे. दोन्ही साक्षी जुळत नाहीत. शिवाय जवळची वस्तू पाहताना डोळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातले भिंग फुगते. भिंगाची ही क्रिया हेल्महोल्ट्झ यांनीच उलगडली होती. हेडसेटमध्ये डोळे वस्तूप्रमाणे वळतात, पण पडदा ठरावीक अंतरावर असल्याने भिंगाला मात्र एकाच ठिकाणी स्थिर राहावे लागते. जन्मभराची जोडी तुटते आणि डोळे शिणतात. सवयीने काहींचा त्रास कमी होतो, याचा अर्थ मेंदूने नवा हिशेब शिकून घेतलेला असतो. म्हणूनच हेडसेट काढल्यावर लगेच दुचाकी किंवा मोटार चालवू नये. थोडा वेळ चालून, नेहमीच्या वस्तू हाताळून जुना हिशेब परत बसू द्यावा.

झोपेच्या उंबरठ्यावर

परिणाम केवळ हातापायांपुरता नसतो. अमेरिकेतील हार्वर्डचे रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७ जणांना तीन दिवस टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा खेळ खेळायला लावले. झोप लागता लागता त्यांना काय दिसते हे विचारल्यावर १७ जणांनी पडणाऱ्या ठोकळ्यांची चित्रे सांगितली. या २७ जणांत पाच रुग्ण असे होते, ज्यांना मेंदूच्या इजेमुळे नव्या घटना आठवतच नसत. त्यांपैकी तिघांनाही ठोकळे दिसले. आपण हा खेळ खेळलो, हेच त्यांना आठवत नव्हते. जाणिवेत ज्याचा मागमूस नाही ते नेणिवेत उरले होते.

ब्रिटनमधील अँजेलिका ऑर्टिझ दे गोर्टारी आणि मार्क ग्रिफिथ्स यांनी नेहमी खेळणाऱ्यांचे अनुभव गोळा केले. रस्त्यात खेळातला आवाज ऐकू आल्याचा भास, काही हातातून पडताच ते परत मिळवण्याचे बटण दाबायला बोट वळणे असे त्यांचे स्वरूप होते. बहुतेक वेळा ते क्षणभराचे असतात. लोलक काढल्यावर चुकणाऱ्या हाताशी त्यांचे नाते सहज लक्षात येते.

शब्द सोडला, कल्पना राहिली

हेल्महोल्ट्झ यांच्या मताला विरोधही झाला. अवकाशाची जाण जन्मजात असते, असे एवाल्ड हेरिंग यांचे म्हणणे होते आणि हा वाद अनेक वर्षे चालला. नवजात बालकांवरील पुढच्या संशोधनाने काही क्षमता जन्मतःच असतात हे दाखवून हेरिंग यांची बाजूही अंशतः खरी ठरवली. दुसरी अडचण शब्दाची होती. तत्त्वज्ञ शोपेनहाउअर यांच्या गूढ कल्पनांशी आपल्या नेणिवेची गल्लत होऊ नये म्हणून १८७८ मधील व्याख्यानात हेल्महोल्ट्झ यांनी ही संज्ञा आपण टाळत असल्याचे सांगितले. मूळ कल्पना मात्र त्यांनी सोडली नाही.

सिग्मंड फ्रॉइड तरुणपणी व्हिएन्नात ज्यांच्या प्रयोगशाळेत शिकले, ते एर्न्स्ट ब्र्यूके हे हेल्महोल्ट्झ यांचे जवळचे मित्र. फ्रॉइड यांनी पुढे मांडलेले नेणिवेचे रूप दडपलेल्या इच्छांचे होते. हेल्महोल्ट्झ यांची नेणीव वेगळी आहे. ती इच्छा बाळगत नाही; मिळेल त्या सरावातून शिकते. व्हिडिओ गेमविषयी बोलताना ही दोन चित्रे एकमेकांत मिसळली जातात. खेळाने आतला कुठला राक्षस जागा होतो, यावर वाद घालण्याआधी हा खेळ रोज कोणता सराव करून घेतो आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे. नजर चौफेर ठेवण्याचा सराव असेल तर नेणीव ते शिकेल. दर काही सेकंदांनी बक्षिसाची वाट पाहण्याचा असेल तर तेही शिकेल.

टेकडीवरची वाट

१८७१ मध्ये हेल्महोल्ट्झ बर्लिनला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे मोजमापाच्या नव्या राष्ट्रीय संस्थेचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. सरदारकी मिळाली, हाइनरिख हर्ट्झ यांच्यासारखे शिष्य घडले. पण १८८९ मध्ये मुलगा रॉबर्ट गेला आणि १८९४ च्या पहिल्याच दिवशी ३६ वर्षांचे हर्ट्झही.

सत्तरीच्या सत्कारात, १८९१ मध्ये, त्यांनी आपल्याला कल्पना कशा सुचतात हे सांगितले होते. आधी प्रश्नाची सर्व बाजूंनी उलथापालथ करून मेहनत घ्यायची, मग थकवा पूर्ण उतरू द्यायचा. उत्तर येई ते टेबलापाशी नव्हे, तर अनेकदा उन्हाच्या दिवशी झाडीतल्या टेकडीची वाट निवांत चढताना. थकलेल्या डोक्यात ते कधीच येत नसे, आणि थोडीशी दारूही त्याला पळवून लावी. ब्रिटिश विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनशील विचाराच्या पायऱ्या मांडल्या, त्या याच कथनाच्या आधारे.

१८९३ मध्ये शिकागोचे जागतिक प्रदर्शन पाहून परतताना ते जहाजाच्या जिन्यावरून पडले आणि बरेच रक्त गेले. पुढच्या जुलैत मेंदूत रक्तस्राव झाला आणि ८ सप्टेंबर १८९४ रोजी बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे त्यांचे निधन झाले.

खेळणाऱ्यांनी आणि पालकांनी त्यांच्या आयुष्यातून घ्यावे असे काही आहे. खेळ हा आजार नाही. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्यापेक्षा त्याला अधिक महत्त्व मिळणे आणि नुकसान दिसत असूनही तो सुरूच राहणे, हे साधारण वर्षभर चालले तर जागतिक आरोग्य संघटना त्याला विकार मानते. तशी चिन्हे दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. एरवी मधे मधे विश्रांती घ्यावी, मळमळ सुरू होताच थांबावे आणि झोपेच्या अगदी आधीचा वेळ खेळापासून मोकळा ठेवावा. नेणीव शिकते ती सरावातून, आणि शिकलेले पचवते ती निवांतपणात. हेडसेट आणि मोबाइल यांच्यामधल्या फटीत असा निवांत वेळ उरतो का, हे प्रत्येक घराने आपापले तपासून पाहायला हवे.